सायकलस्वार सैनिकांचा धडा

सहलीचे नियोजन शिकविताना आम्ही अमेरिकेच्या २५ व्या पायदळ पलटणीतील २० कृष्णवर्णीय सैनिकांचे उदाहरण घेतो. १८९७ मध्ये त्यांनी मोंटानातील फोर्ट मिसुलापासून सेंट लुईसपर्यंतचे सुमारे १,९०० मैल सायकलीने ४१ दिवसांत पार केले. आदल्या वर्षी यलोस्टोनपर्यंत सराव झाला होता. तंबू, कांबळे व दोन दिवसांचा शिधा सायकलीवर असे. पुढचा शिधा दर शंभर मैलांवर आधीच पोहोचविलेला असे. चिखलात सायकली ढकलीत ते पुढे गेले.

त्यांच्यातील सार्जंट मिंगो सँडर्स यांना १९०६ मध्ये १६६ सहकाऱ्यांसह खटल्याविना बडतर्फ केले गेले. १९७२ मध्ये तो अन्याय दूर झाला. तेव्हा ते हयात नव्हते.

म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रवासवहीत शिध्याच्या हिशोबासोबत श्रमणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा.