राळेत अडकलेली गांधीलमाशी

बाभळीच्या खोडावर डिंक ओघळलेला तुम्ही पाहिला असेलच. कधी कधी त्यात एखादी मुंगी चिकटते. ती सुटायला धडपडते, तेवढ्यात वरून दुसरा थेंब येतो. झालं! मुंगी आत कोंडली गेली.

डिंक पाण्यात विरघळतो. म्हणून तो फार काळ टिकत नाही. पण काही झाडांतून राळ गळते. राळ पाण्यात विरघळत नाही. ती मातीखाली गाडली गेली, तर लाखो वर्षांनी तिचा पिवळसर, आरपार दिसणारा खडा बनतो. त्याला अंबर म्हणतात. त्याचे जुने नाव तृणमणी. कापडावर घासला की हा मणी गवताची काडी ओढून घेतो, म्हणून तृणमणी. गुजरातेत सुरत जिल्ह्यात वस्तान येथे कोळशाची खाण आहे. तिथेही अंबर सापडले आहे. ते सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे आहे आणि त्यातही किडे आहेत.

आज आपण याहून जुना एक किडा पाहू. तो ब्रह्मदेशातला, म्हणजे आजच्या म्यानमारमधला. त्या देशाच्या उत्तरेला काचिन प्रांत आहे. तिथल्या अंबरात गांधीलमाशीच्या गोतातली एक माशी सापडली. अशी माशी आज पृथ्वीवर कुठेही नाही. चीन आणि डेन्मार्क येथील शास्त्रज्ञांनी २०२५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

वर्णन करायचे म्हणजे काय करायचे? आधी डोळ्यांना दिसते ते लिहायचे. शास्त्रज्ञांना १६ माश्या मिळाल्या. साऱ्या माद्या. खडा न फोडता क्ष-किरणांनी त्यांचे आतले चित्र घेतले. पोटाच्या टोकाला तीन झडपा दिसल्या. झडपांवर राठ केस होते. एका माशीची झडप मिटलेली, तर दुसरीची उघडी. यावरून कळले की ही झडप हलत असे. उंदराच्या सापळ्यासारखी ती उघडत असे, मिटत असे.

आता पुढची पायरी. हा सापळा कशासाठी? ते कोणी पाहिलेले नाही. म्हणून आजच्या माश्यांकडे पाहायचे. आपल्या घराच्या भिंतीवर कुंभारीण मातीचे घर करते. ती अळी किंवा कोळी धरून आणते, नांगीने बधिर करते, त्यावर अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळीचीच कुंभारीण होते, असे जुनी माणसे म्हणत. खरे पाहता अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाते आणि मोठे होऊन बाहेर पडते. अंबरातली माशीही झडपेने दुसरा किडा धरून ठेवीत असावी, अंडे घालून झाले की त्याला सोडीत असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. ‘झडप आहे’ हे पाहिलेले, ‘असावी’ हा तर्क. दोन्ही वेगळे ठेवले, तरच वर्णन खरे.

मग नाव ठेवायचे. या माशीचे नाव सायरेनोबेथायलस कॅरिब्डिस. कॅरिब्डिस ही ग्रीक कथेतली समुद्र गिळणारी राक्षसीण. ज्या माशीवरून नाव दिले, ती संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे कोणाला शंका आली, तर त्याने तीच माशी पाहावी.

आणि वय? ते नुसत्या खड्यावरून कळत नाही. काचिनचे अंबर ज्या थरात सापडते, त्यात ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉन नावाचे बारीक कण असतात. त्यांतल्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत जाते. ते मोजून २०१२ साली वय काढले. ते आले सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षे! म्हणून खडा कुठे सापडला, ही नोंद फार मोलाची.

पण त्या ‘कुठे’मध्ये माणसेही आहेत. हे अंबर अरुंद, खोल खड्ड्यांत उतरून मजूर काढतात. काचिनमध्ये सरकारी सैन्य आणि तिथले सशस्त्र गट यांची लढाई वर्षानुवर्षे चालली आहे. २०१७ साली सैन्याने खाणींच्या मुलखाचा ताबा घेतला. लोकांना घरे सोडावी लागली. अंबराचा पैसा लढाईत जातो, म्हणून २०२० साली काही शास्त्रज्ञांनी सांगितले की २०१७ च्या त्या ताब्यानंतर विकत घेतलेल्या खड्यांवरचे लेख छापू नयेत. काहींना हे पटले नाही. अभ्यास थांबला, तर हे किडे दागिन्यांच्या बाजारात हरवतील, असे ते म्हणाले. आता अनेक शास्त्रज्ञ खडा केव्हा मिळाला, तेही लिहून ठेवतात.

आम्हाला वाटते, हे बरे झाले. माशीचे केस मोजणाऱ्याने खडा काढणाऱ्या हातांचीही आठवण ठेवावी.

सांगा पाहू :
१. डिंक आणि राळ यांत फरक काय?
२. माशीविषयी पाहिलेली गोष्ट कोणती? तर्क कोणता?
३. खडा कुठे सापडला हे का लिहून ठेवावे?
४. घराजवळची कुंभारीण पाहा. जे दिसेल तेवढेच पाच ओळींत लिहा.