मालदीवचा प्रवास आणि नित्यपूजेची मूर्ती

प्रश्न : सहकुटुंब मालदीवला जाताना पूजेतील गणेशमूर्ती सोबत न्यावी काय? (एक वाचक, भिंगार)

उत्तर : मूर्ती घरीच ठेवावी, कारण ज्या राष्ट्राची 2008ची राज्यघटना मुसलमानेतरांस नागरिकत्वच नाकारते, त्याच्या जकात अंमलदारांना पूजामूर्ती, मद्य व वराहमांस आत येऊ देण्यास कायद्यानेच मनाई आहे, आणि आपल्या देवघरातील दैवत परमुलखात जप्त व्हावे, ही कल्पनाच मला क्लेशदायक वाटते. प्रवासात मानसपूजा शास्त्रसंमतच आहे. भारतीयांस व्हिसा तेथे उतरल्यावर विनामूल्य मिळतो. राजधानी मालेत व वस्तीच्या बेटांवर खांदे, गुडघे झाकणारा पोशाख असावा. मालेतील 1658 मधील, प्रवाळशिलांवर अप्रतिम कोरीव काम असलेली हुकुरू मशीद बाहेरून तरी अवश्य पाहावी, मात्र शुक्रवारची दुपार टाळून.