घरबसल्या शिवणकाम : कमाईचा एक हिशेब

आपल्या वसतिगृहातील शिवणवर्गात शिकून गेलेल्या मुली माहेरी आल्या की अजूनही वर्गात डोकावतात. कुणाच्या कडेवर मूल असते, कुणाच्या पिशवीत स्वतः शिवलेली झबली असतात. खुशाली विचारून झाली की आमचा एकच प्रश्न असतो, "शिवणातून महिन्याला काय सुटतं?" बहुतेकींचे उत्तरही ठरलेले असते, "सुटतं की बाई, हातखर्चापुरतं." नेमके किती, हे मात्र सांगता येत नाही. टाका कसा घालावा हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. त्या टाक्याचे मोल कसे काढावे हे शिकवायचे राहून गेले. ही उणीव आमची आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने तो राहिलेला धडा येथे मांडत आहोत.

प्रथम गोधडीचे उदाहरण घेऊ, कारण 'शहरात हिला फार मागणी आहे' असे प्रत्येकीला कुणीतरी सांगितलेले असते. एका पालक भगिनीने गेल्या पावसाळ्यात विक्रीसाठी एक गोधडी शिवली. आत जुन्या सुती साड्यांचे थर, वरून नवे कापड, आणि कडेपासून मध्याकडे सरकत गेलेल्या धावदोऱ्याच्या दाट ओळी. आमच्या सांगण्यावरून तिने कामाला बसल्याची आणि उठल्याची वेळ रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. गोधडी १,२०० रुपयांना गेली तेव्हा घरात आनंदच झाला. वरचे कापड २६० रुपयांचे, दोरा ९० रुपयांचा, उरले ८५०. कॅलेंडरवरचे तास मोजले ते ६० भरले. म्हणजे तासाला १४ रुपये. त्या वेळी गावात खुरपणीची मजुरी दिवसाला ३०० रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तरी तासाला साडेसदतीस रुपये पडतात. त्या दराने मजुरी लावली असती तर गोधडीची किंमत २,६०० रुपये व्हायला हवी होती, आणि तीही जुन्या साड्या फुकट धरून.

हा आकडा ऐकून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "रिकामा वेळ होता, तो कामी लागला. नाहीतर काय मिळणार होतं?" या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. अंगावर पिणारे मूल सोडून जिला शेतावर जाता येत नाही, तिच्यापुढे खुरपणी की गोधडी असा प्रश्नच नसतो. १४ रुपये की शून्य, एवढाच असतो. परंतु आपल्या वेळेला किंमत नाही असे एकदा घरात ठरले, की गिऱ्हाईकही तेच धरून चालते. शिवाय तो वेळ तरी खरोखर रिकामा कुठे होता? कॅलेंडरवरचे निम्म्याहून अधिक तास रात्री साडेनऊनंतरचे होते.

म्हणून किंमत काढताना वहीच्या पहिल्या ओळीत मजुरी लिहावी, शेवटच्या नव्हे. शेवटी लिहिलेली मजुरी म्हणजे इतरांचे सगळे देऊन झाल्यावर उरलेली चिल्लर. मजुरीखाली कापड, दोरा, सुया, बटणे, वीज, बाजाराला जाण्यायेण्याचे भाडे आणि यंत्राचा घसारा. घसारा हा शब्द आमच्या मुलींना जड वाटतो, पण हिशेब सोपा आहे. मोटारसह जुने यंत्र ६,००० रुपयांना घेतले आणि ते पाच वर्षे चालेल असे धरले, तर महिन्याला १०० रुपये यंत्र खाते. ते बाजूला काढले नाहीत, तर पाच वर्षांनी नव्या यंत्रासाठी कर्ज काढावे लागते.

दुसऱ्यांच्या चुका सांगताना आमची चूक लपविणे योग्य होणार नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि कापडी पिशव्यांची विचारणा वाढली. त्या उत्साहात आम्ही वर्गाच्या नावे एका दुकानदाराची २०० पिशव्यांची मागणी स्वीकारली. पिशवी १४ इंच रुंद, १६ इंच उंच. भाव ३५ रुपये. मांजरपाट ६० रुपये मीटरने आणले, त्याचा पन्हा ४४ इंचांचा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया धरली की तुकडा १५ इंचांचा होतो, आणि असे तीन तुकडे ४५ इंच मागतात. एका इंचासाठी पन्ह्यात दोनच तुकडे बसले. उरलेल्या पट्टीतून बंद काढले, तरीही पिशवीमागे साडेसतरा इंच कापड गेले. एकूण ८९ मीटर, ५,३४० रुपये. दोऱ्याचे २४० आणि रिक्षाचे ३०० मिळवता खर्च ५,८८० झाला आणि ७,००० रुपयांतून १,१२० उरले. बेतणे धरून ५६ तास लागले होते. तासाला २० रुपये!

त्या दिवशी आम्ही दुकानदाराला मनात पुष्कळ दोष दिला. नंतर फळ्यावर आकृती काढून पाहिले तेव्हा निराळेच दिसले. पिशवी अर्धा इंच अरुंद केली असती तर साडेचौदा इंचांचे तीन तुकडे पन्ह्यात बसले असते, बंदांसाठी वेगळे कापड काढूनही पिशवीमागे पावणेपंधरा इंचांपेक्षा कमी कापड लागले असते, आणि सुमारे १४ मीटर मांजरपाट वाचले असते. म्हणजे जवळपास ८६० रुपये. तासाची कमाई २० वरून ३५ वर गेली असती. भाव न वाढवता, केवळ अर्ध्या इंचाने. मागणी घेताना पन्हा आधी विचारावा आणि माप त्यानुसार सुचवावे, हे आम्ही तेव्हा शिकलो. बहुतेक गिऱ्हाइकांना अर्ध्या इंचाचे काही वाटत नाही.

दुकानदाराचा दोष अगदीच नव्हता असेही नाही. पैसे तीन महिन्यांनी मिळाले, आणि तेवढे दिवस कापडाचे बिल आमच्या खिशातून भरलेले राहिले. तेव्हापासून कापडाची रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही.

आता कशातून खरोखर मिळते याविषयी. प्रदर्शनांत तोरणे, बाहुल्या, मण्यांचे दागिने यांचे कौतुक होते. नियमित कमाई मात्र आम्हांला त्यात क्वचितच आढळली. ज्या मुली सहा-सात वर्षे टिकून आहेत, त्या बहुतेक फॉल-पिको, ब्लाउज आणि जुन्या कपड्यांची दुरुस्ती करणाऱ्या आहेत. फॉल-पिकोचे पाहा. फॉल २० रुपयांचा, दोरा ३ रुपयांचा, गिऱ्हाइकाकडून ९० रुपये. हातशिलाईसह सव्वा तास लागतो. तासाला ५० रुपयांच्या वर पडतात. कापड गिऱ्हाइकाचे असल्याने भांडवल अडकत नाही, माल पडून राहत नाही. काम रुक्ष आहे हे खरे, त्याचा फोटो कुणी काढत नाही; पण लग्नसराईत साड्यांची चळत संपत नाही.

अडचण असते ती नात्यांची. "घरचंच आहे, पैसे कसले मागतेस?" असे म्हणणारी चुलत जाऊ प्रत्येक गावात असते. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने यावर चांगला उपाय काढला. तिने दरपत्रक मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राच्या वर लावले आणि खाली एक ओळ घातली : नात्यातील कामास दहा रुपये कमी. सवलत लिहून दिली की फुकटाची अपेक्षा बोलून दाखविणे अवघड जाते. तिच्या वहीत प्रत्येक कामाची तारीख, माप, आगाऊ रक्कम आणि कापडाचा टाचलेला तुकडाही असतो. त्यामुळे 'माझा पीस बदलला' हे भांडण तिच्या दारात होत नाही.

मिळालेल्या पैशांचे पुढे काय करावे, हेही याच धड्यात येते. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी. आमच्या मुलींना निम्मी मिळकत व्यवसायात ठेवणे शक्य होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दोऱ्या-अस्तराचे पैसे भाजीत खर्च होऊ नयेत, एवढ्यासाठी तरी वेगळा डबा किंवा बँकेचे वेगळे खाते असावे.

काही मुली स्वतः गिऱ्हाईक न शोधता व्यापाऱ्याने आणून दिलेले काम घरी करतात : काज-बटण, साडीला मणी, तयार कपड्यांचे धागे कापणे. येथे दर व्यापारी ठरवितो आणि नगावर देतो. एकटीने दर वाढवून मागितला तर दुसऱ्या दिवशी गठ्ठा शेजारच्या घरी जातो. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांपासून गोधड्या आणि खोळी शिवणाऱ्या स्त्रियांची हीच स्थिती होती. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेत त्या एकत्र आल्या आणि त्यांनी वाढीव दर मागितला. व्यापाऱ्यांनी काम बंद केले, तेव्हा संघटनेने स्वतः चिंध्या मिळवून उत्पादन सुरू केले आणि पुढे त्या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागविले जावे, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये केला. भारताने तो अद्याप मान्य केलेला नाही. आपल्या गावात एवढे मोठे काही करावे असे आमचे म्हणणे नाही. एकाच व्यापाऱ्याचे काम करणाऱ्या पाच-सहा जणींनी बचत गटाच्या बैठकीत आपापला दर एकमेकींना सांगितला, तरी पुष्कळ झाले. आजवर तो शेजारणीपासून लपविला जातो.

शासकीय योजनांबाबत थोडक्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप असून लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीस मिळतो. साहाय्य जरूर घ्यावे. कर्जाची घाई करू नये. सहा महिन्यांची वही भरल्यावर हप्ता झेपेल की नाही ते वहीच सांगते.

कॅलेंडरवर तास लिहिणाऱ्या त्या भगिनीने यंदा दुसरी गोधडी शिवली आणि किंमत २,६०० रुपये सांगितली. दोघी ऐकूनच परत गेल्या. दिवाळीपर्यंत गोधडी घडी घालून पेटीतच होती, आणि सासूबाई रोज आठवण करून देत होत्या. नंतर एकीने २,२०० रुपये देऊ केले आणि तिने ती दिली. "तासाला तीस रुपये आणि वर थोडे पडतात, बाई," असे तिने आम्हांला फोनवर सांगितले. हो म्हणण्यापूर्वी तिने हिशेब करून पाहिला होता.