मातीची फौज

दिवाळी जवळ आली, म्हणजे महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या अंगणात एक लहानसा किल्ला उभा राहू लागतो. दगडविटांचा ढीग रचावा, त्यावर ओले पोते पसरावे, ते चिखलाने लिंपून घ्यावे आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरावी. चार-सहा दिवसांत कोवळी हिरवळ डोकावू लागते. मग बाजारातून मातीचे मावळे येतात. सिंहासनावर शिवाजी महाराज विराजमान होतात, दरवाजात भालदार उभे राहतात, बुरुजावर तोफा चढतात. सण संपला की किल्ला मोडतो आणि मावळे खोक्यात जाऊन पुढच्या दिवाळीची वाट पाहू लागतात.

मुलांनो, हे शूर शिपाई वर्षभर खोक्यात का निजून राहतात? कारण आपण त्यांना उभे केले, पण चालविले नाही. मातीची फौज चालविता येते. तिला नियम घालून देता येतात, तिच्याकडून एखादी जुनी लढाई पुन्हा लढवून घेता येते. जगातील अनेक देशांत लहानथोर माणसे हा छंद मोठ्या आवडीने जोपासतात. इतिहासाच्या पुस्तकात जे एका ओळीत संपते, ते असे का घडले हे या खेळात स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास मिळते.

युद्धाचा खेळ आपल्याला मुळीच नवा नाही. फार प्राचीन काळी आपल्या देशात चतुरंग नावाचा खेळ होता. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे त्यात असत. आजचे बुद्धिबळ त्याचेच वंशज होय. परंतु बुद्धिबळाच्या पटावर नदी नाही, चिखल नाही, रात्र नाही आणि भूकही नाही. प्यादे कितीही दिवस उभे राहिले तरी त्याला भाकरी लागत नाही!

ही उणीव प्रशियातील राइसविट्झ नावाच्या गृहस्थाच्या ध्यानात आली. खऱ्या भूमीसारख्या मांडणीवर सोंगट्या चालविण्याचा एक खेळ त्याने तयार केला आणि १८१२ साली तो तेथील राजाला दाखविला. पुढे त्याच्या मुलाने या खेळात सुधारणा करून १८२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले. हा मुलगा तोफखान्यातील अधिकारी होता. खेळ नकाशावर चाले. लढाईत सर्वच गोष्टी योजल्याप्रमाणे घडत नाहीत, म्हणून फासे टाकीत. आणि निवाडा देण्यास एक पंच असे. हा खेळ तेथील सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. नंतर १९१३ साली एच. जी. वेल्स या प्रसिद्ध इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या शिपायांनी लढावयाच्या लढायांवर एक पुस्तक लिहिले. तो आणि त्याचे मित्र चिमुकल्या तोफांतून लाकडी गोळ्या उडवून शिपाई पाडीत असत. वेल्स एवढ्यावरच थांबला नाही. त्याने जे आणखी सांगितले, त्याकडे आपण शेवटी वळू.

आता आपली लढाई निवडू या. त्यासाठी दूर जावयास नको. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे किल्ल्यांनी संपन्न आहेत. माहूरचा किल्ला डोंगरावर आहे. पण कंधार, उदगीर आणि औसा येथील किल्ले भुईकोट आहेत. उंच कडा त्यांचे रक्षण करीत नाही. खोल खंदक आणि भक्कम तट त्यांचे रक्षण करतात. म्हणून या भागातील मुलांनी आपला किल्ला करताना ढीग रचण्याआधी खंदक खणावा, हे योग्य! कंधारच्या किल्ल्याभोवतीचा पाण्याचा खंदक ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे सांगावयास नको.

यांपैकी उदगीरचे नाव एका लढाईमुळे इतिहासात गाजले. १७६० सालच्या आरंभी निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांची फौज उदगीरच्या परिसरात होती. पेशव्यांची फौज सदाशिवराव भाऊंच्या हाताखाली होती. इब्राहिमखान गारदी हा नामांकित तोफखानाप्रमुख त्यांच्यासोबत होता. तो पूर्वी निजामाच्या चाकरीत होता आणि फ्रेंच पद्धतीच्या कवायती लढाईत तरबेज होता. निजामाच्या फौजेला धारूरकडे जाऊन आपल्या दुसऱ्या सैन्यास मिळावयाचे होते. ती एकवटून, तोफा सांभाळीत चालू लागली. मराठ्यांच्या चपळ घोडदळाने तिला चहूबाजूंनी घेरले. औशाच्या बाजूला निकराची झुंज झाली आणि फेब्रुवारी महिन्यात निजामाला तह करावा लागला. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला मराठ्यांना मिळाला.

एवढे वाचून आपण पान उलटतो. परंतु तोफा असलेली फौज अशी हतबल का झाली? चला, पटावरच पाहू.

प्रथम पट तयार करावा. उदगीरपासून धारूर सरळ रेषेत सुमारे ११७ किलोमीटर आहे. एका किलोमीटरास एक सेंटिमीटर असे प्रमाण धरले, तर दोहोंमध्ये ११७ सेंटिमीटर अंतर पडेल. म्हणजे दीड मीटर लांबीचे मेज किंवा ओसरीची तेवढी जागा पुरे. एका टोकाला उदगीर, दुसऱ्या टोकाला धारूर. नकाशा पाहून औसा मांडावे आणि मांजरा नदीसाठी निळी लोकर पसरावी. गावांच्या जागी खडे ठेवावेत.

नंतर फौज. चिकणमाती चांगली मळून अंगठ्याएवढे शिपाई करावेत आणि ते सावलीत वाळवावेत. उन्हात घाईने वाळविल्यास त्यांना तडे जातात. हात आणि तलवार अंगाला चिकटूनच घडवावी, नाही तर ती हमखास मोडते. भाल्यासाठी खराट्याची काडी उत्तम. वाळल्यावर प्रथम चुन्याचा पातळ हात द्यावा, म्हणजे वरचा रंग खुलून दिसतो. मग अंगरखा, पागोटे, घोड्याचा रंग असे मोठे भाग रंगवावेत. एक रंग पुरता वाळल्यावाचून दुसरा लावू नये. वस्त्राच्या चुण्यांत तोच रंग थोडा गडद करून भरावा. त्यामुळे बोटभर शिपायालाही उठाव येतो. डोळे आणि मिशा सर्वांत शेवटी, अगदी बारीक कुंचल्याने काढाव्यात. त्या वेळी श्वास रोखून धरावा लागतो! पोशाख मनाने ठरवू नये. संग्रहालयातील किंवा पुस्तकातील त्या काळची चित्रे पाहावीत. दुकानी मिळणारे शिपाई शिसे, इतर धातू किंवा प्लास्टिक यांचे असतात. पण स्वतःच्या हातची फौज स्वतःचीच असते.

प्रत्येक बाजूला दहा तुकड्या कराव्यात. त्यांतील दोन तोफांच्या असाव्यात. घोडदळाने एका दिवसात तीस सेंटिमीटर जावे, पायदळाने पंधरा आणि बैलांनी ओढलेल्या तोफांनी दहा. दोन तुकड्या भिडल्या की दोघांनी फासे टाकावेत. ज्याचे दान मोठे, त्याची तुकडी टिकली. जवळ तोफ असेल तर दानात दोन मिळवावेत. हे आकडे खेळापुरते आहेत. अनुभव येईल तसे ते बदलावेत.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. प्रत्येक खेळाडूने आपल्याजवळ एक वाटी ठेवावी आणि तीत ज्वारीचे ऐंशी दाणे मोजून घ्यावेत. प्रत्येक तुकडी रोज एक दाणा खाते. वाटेतल्या गावाजवळ शत्रूचे घोडदळ नसेल, तर त्या गावातून पाच दाणे मिळतात. वाटी रिकामी झाली की फौजेची चाल निम्मी होते आणि फाशातील दानही निम्मे धरावे लागते.

निजामाची बाजू घेणारा खेळाडू आरंभी निश्चिंत असतो. त्याची फौज एकवटलेली, तोफा भोवती. पण मग तो बोटांवर हिशेब करू लागतो. तोफा सोबत घ्याव्यात, तर धारूरला पोचण्यास बारा दिवस लागतील. दहा तुकड्यांना एकशेवीस दाणे हवेत आणि वाटीत आहेत ऐंशी. तोफा टाकून निघावे, तर आठ दिवसांत पोचता येईल, दाणेही पुरतील. पण उघड्या माळावर घोडदळापुढे टिकावे कसे? उरलेले दाणे गावांतून मिळवावेत, तर प्रत्येक गावापाशी मराठ्यांचे दोन घोडेस्वार आधीच येऊन उभे! समोरचा खेळाडू मोठी लढाई देत नाही, नुसता भोवती फिरत राहतो. आणि वाटी रिकामी होत जाते. पुस्तकात ‘घेरले’ असा एकच शब्द होता. त्या शब्दाचा अर्थ आता त्याला कळू लागतो.

इतके झाल्यावर फौज खोक्यात भरू नका. तीच फौज घेऊन दुसरा डाव मांडा.

उदगीरच्या विजयानंतर थोड्याच दिवसांनी, मार्च १७६० मध्ये, सदाशिवराव भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. तेच सेनापती, तोच इब्राहिमखान, त्याच तालमीतला तोफखाना. नोव्हेंबरपासून ती फौज पानिपतापाशी अडकून पडली. अहमदशहा अब्दालीने दिल्लीकडची वाट रोखली होती. आता पटावर भाऊंच्या दहा तुकड्या मांडा आणि त्यांच्या मागे आणखी दहा तुकड्या मांडा. त्या लढत नाहीत, पण दाणे खातात. कारण सैन्यासोबत यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांचा मोठा समुदाय होता. घर शेकडो कोस दूर, गावे परकी. ऐंशी दाणे चौथ्या दिवशी संपतात. खरोखरीची फौज दोन महिन्यांहून अधिक काळ तेथे होती. अखेर उपाशी राहण्यापेक्षा लढून वाट काढावी, म्हणून १४ जानेवारी १७६१ रोजी ती बाहेर पडली. मधे दुर्बळ माणसे आणि भोवती सैन्य, असा गोल बांधून तिला पुढे जावयाचे होते.

क्षणभर पटाकडे नीट पाहा. एकवटून, तोफा सांभाळीत चाललेली फौज आणि भोवती शत्रूचे घोडेस्वार! वर्षापूर्वी उदगीरच्या माळावर निजामाची जी अवस्था होती, तिच्याशी हिचे किती साम्य आहे! तेव्हा घेरणारे भाऊ होते. आता घेरलेले भाऊ आहेत. सेनापतीचे शौर्य उणे झाले नव्हते. वाटीतले दाणे संपले होते. त्या दिवशी भाऊ पडले, तरुण विश्वासराव पडले. इब्राहिमखान जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. ज्यांची चाकरी पत्करली, त्यांची साथ त्याने अखेरपर्यंत सोडली नाही.

लढाई जिंकली की आपण सेनापतीला डोक्यावर घेतो, हरली की त्याला दोष देतो. पण फौजेला ज्वारी पुरविणारा शेतकरी, ती वाहून आणणारा बैलवाला आणि वाट राखणारा साधा स्वार यांची नावे बखरींत क्वचितच येतात. या खेळात त्यांना त्यांची जागा मिळते. कारण दाण्यांवाचून येथे एकही पाऊल पुढे पडत नाही.

वेल्सचे म्हणणे राहिले होते. खेळातील लहान युद्ध खेळून पाहिले, की खरे युद्ध किती अवाढव्य, किती खर्चिक आणि चुकांनी किती भरलेले असते हे उमगते, असे त्याने लिहिले. पुस्तक निघाल्यावर पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू झाले.

मुलांनो, ज्या शिपायाचे डोळे आणि मिशा तुम्ही श्वास रोखून रंगविल्या, तो पटावर आडवा झाला की मनाला थोडे लागते. तसे लागलेच पाहिजे. डाव संपल्यावर आपण त्याला उचलतो, रंग उडाला असेल तेथे कुंचला फिरवितो आणि पुन्हा उभा करतो. पानिपताच्या रणात जे पडले, त्यांना असे कोणी उभे करू शकले नाही. कितीतरी घरी त्यांची वाट पाहणारी माणसे वाटच पाहत राहिली. पट आवरताना वाटीतले उरलेले दाणे चिमण्यांना टाका, आणि मग फौज जपून खोक्यात ठेवा.

अभ्यास

१. बुद्धिबळाच्या पटावर खऱ्या युद्धातील कोणत्या गोष्टी नसतात?
२. नांदेड-लातूर भागातील मुलांनी ढीग रचण्याआधी खंदक खणावा, असे लेखक का म्हणतो?
३. मातीचे शिपाई घडविताना आणि रंगविताना कोणती काळजी घ्यावी?
४. निजामाच्या बाजूने खेळणाऱ्यापुढे कोणती अडचण उभी राहते? दाण्यांचा हिशेब मांडून दाखवा.
५. ‘सेनापतीचे शौर्य उणे झाले नव्हते. वाटीतले दाणे संपले होते.’ या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
६. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या किल्ल्याची माहिती मिळवा, त्याचा नकाशा काढा आणि मित्रांसह त्याचा पट मांडा.