नवान्न : पहिल्या लोंबीचा धडा

गेल्या आश्विनांत आम्ही भाताची एक लोंबी वर्गांत आणून मेजावर ठेविली आणि हें काय आहे, असें विचारिलें. दोनचार मुलांनीं तत्काळ ओळखिलें. बाकीच्यांनीं तिला गवत म्हटलें. वनस्पतिशास्त्राप्रमाणें भात हें तृणवर्गांतीलच पीक, तेव्हां उत्तर अगदींच चूक नव्हतें. परंतु हीं सर्व मुलें दोन वेळां भात खाणारीं! त्या दिवशीं नेमिलेला धडा बाजूस ठेवून आम्ही जें सांगितलें, तेंच येथें लिहितों.

कोंकणांत मृगाच्या पावसावर भाताची पेरणी होते. पुढें रोपें उपटून तीं चिखल केलेल्या खाचरांत लावितात. हळवें भात सर्वांत आधीं पिकतें. तें घरांत येण्याचा जो सण, त्यास नवान्न किंवा नुसतें 'नवें' म्हणतात. कोठें तो दसऱ्यास, तर कोठें आश्विनी पौर्णिमेस होतो. म्हणूनच ह्या पौर्णिमेस नवान्न पौर्णिमा हें नांव आहे. भाताच्या लोंब्या, नाचणीचें कणीस, आंब्याचें पान, झेंडूचें व कुरडूचें फूल एकत्र बांधून तें दारास व देव्हाऱ्यास लावितात. नंतर नव्या तांदुळाची खीर, नारळाच्या रसांत गूळ घालून, घरोघर होते. नवें झाल्यावांचून नवा दाणा तोंडांत घालावयाचा नाहीं, हा जुना नेम.

कोंकणाच्या दक्षिणेस गोव्यांत ख्रिस्ती झालेल्या शेतकऱ्यांनींही हा रिवाज सोडिला नाहीं. साष्टींतील राय येथें ५ ऑगस्टला व पणजीजवळील ताळगांवीं २१ ऑगस्टला कणसांचें फेस्त होतें. पाद्री प्रार्थना करून नवीं कणसें आशीर्वादितात व तीं घरोघर पोंचतात. मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबें ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनीं, अशींच कणसें घरीं नेतात. त्यांचे दाणे सोलून, वाटून दुधांत किंवा खिरींत घालितात आणि प्रत्येकास त्यांतलें थोडें थोडें देतात.

आतां पवित्र शास्त्र उघडा. पिकाची पहिली पेंढी परमेश्वरापुढें आणिल्याखेरीज नव्या धान्याची भाकर किंवा हुरडा खाऊं नये, असा निर्बंध लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायांत आहे. इतक्या दूरच्या शेतकऱ्यांस एकच गोष्ट कां सुचावी? आम्हांस वाटतें, कारण साधें आहे. बीं पेरणें व चिखल तुडविणें शेतकऱ्याच्या हातीं आहे. पाऊस पाडणें व दाण्यांत दूध भरणें नाहीं. हें जो दरसाल डोळ्यांनीं पाहतो, त्यास पहिलें पीक 'माझें' असें म्हणवत नाहीं.

परंतु येथेंच थांबलों तर सणाचा अर्धाच अर्थ हातीं येईल. शेताच्या कडा कापूं नयेत, गळलेलीं कणसें वेंचूं नयेत, तीं गरिबासाठीं व परक्यासाठीं राहूं द्यावींत, असेंही तेंच शास्त्र सांगतें. ह्याच हक्कानें मवाबी विधवा रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेंचूं शकली. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायांत तर प्रथमपीक अर्पण करणाऱ्यानें परक्यासह आनंद करावा, असें सांगितलें आहे. देवाचे आभार आणि गरिबाचा वांटा ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हेत.

आज शहरच्या बाजारांत नव्याचें तोरण विकत मिळतें. तें दारास बांधण्यांत वावगें कांहींच नाहीं. आमच्या मंडळ्यांतही उपकारस्तुतीच्या दिवशीं लोक धान्य व भाजीपाला उपासनेस आणितात. परंतु लावणीच्या दिवसांत ज्या बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलांत ओणव्या राहिल्या, त्यांच्या मुलांच्या ताटांत सणाच्या दिवशीं काय पडलें, हें आपण विचारिलें नाहीं, तर तोरणही अपुरें आणि स्तोत्रही अपुरें.

पालकांस आमची विनंती आहे कीं, एका आषाढांत तरी मुलांस लावणी चाललेल्या खाचरावर न्यावें आणि शक्य तर एक वाफा त्यांच्याकडून लावून घ्यावा. मग ताटांत भात टाकूं नये, हें त्यांस निराळें सांगावें लागणार नाहीं.

तास संपल्यावर एका मुलानें त्या लोंबीचे दाणे मोजिले. ते शंभरांहून अधिक भरले. ती लोंबी त्यानें मागून घेतली व घरच्या दारास बांधिली, असें पुढें कळलें.