मोठ्यांची बॅच

चि. सोनूस,


क्लबाने मोठ्यांची सकाळची बॅच तुझ्याकडे सोपवली हे वाचून फार बरं वाटलं. मुलांना शिकवण्यात तुझा हात बसलाय, पण चाळिशीच्या माणसाचं वेगळं असतं. तो ऑफिसात, घरात जाणता म्हणून वावरतो. इथे चारचौघांसमोर चेंडू हुकला की ओशाळतो आणि पुढच्या आठवड्यात येतच नाही. म्हणून पहिल्याच तासाला त्याची रॅली झाली पाहिजे. ग्रिप, फूटवर्क, फॉलो-थ्रू यांचं व्याख्यान नंतर.

त्यासाठी चेंडू हळू कर आणि कोर्ट लहान. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2007 साली ‘प्ले अँड स्टे’ मोहीम काढली, तिचं म्हणणं हेच. लाल चेंडू पिवळ्यापेक्षा सुमारे 75 टक्के हळू, नारिंगी 50, हिरवा 25. हे मुलांचे चेंडू असं आपल्याकडे समजतात, पण मोठ्या नवख्यांनाही ते तितकेच उपयोगी. आढेवेढे न घेता नारिंगीची टोपली उघड. 23.77 मीटरच्या पूर्ण कोर्टावर त्यांना पळवू नकोस; दोन्ही बाजूंना सर्व्हिस लाइनवर उभं कर, तिथून नेट फक्त 6.40 मीटर.

आपल्याकडचा नवखा बहुधा क्रिकेट खेळलेला असतो. तो चेंडू अंगाजवळ, डोळ्यांखाली येऊ देतो. मग फोरहँड उशिरा लागतो आणि चेंडू बाजूच्या कोर्टात जातो. त्याला ‘लवकर मार’ म्हणून उपयोग नाही, तो नुसती घाई करेल. जवळ उभा राहा, हाताने हळू चेंडू टाक आणि पुढच्या पायाच्याही थोडं पुढे, अंगापासून हातभर दूर रॅकेट धरून ‘चेंडू इथे भेटला पाहिजे’ असं दाखव. बाकी चुका त्या दिवशी सोडून दे. एका वेळी एकच सूचना! मोठी माणसं सांगितलेलं सगळं एकदम करू पाहतात आणि खांद्यापासून मनगटापर्यंत आखडतात.

असं कुणी आखडलं तर टिमथी गॉलवे यांची युक्ती वापर. त्यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ 1974 साली आलं. चेंडू जमिनीला लागला की खेळाडूने ‘टप्पा’ म्हणायचं, रॅकेटला लागला की ‘फटका’, दोन्ही मोठ्याने. लक्ष चेंडूवर जातं, हाताची चिंता सुटते. मला स्वतःला याहून गुणकारी काही सापडलेलं नाही.

रांगेत ताटकळत ठेवू नकोस. तासाभराची फी भरून कुणी पाठी बघायला येत नाही.

कोपर दुखतंय म्हणाले तर आधी ग्रिप बघ, बहुतेक जण ती आवळून धरतात. तारा फार कडक असतील तर त्याही बदलायला सांग. दुखणं राहिलं तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे पाठव.

आणि गुण मोजायला लवकर लाव. सर्व्हिस वरून जमत नसेल तर खालून करू दे, नियमाने ती चालते. दुहेरीत चौघे खेळायला लागले की ते एकमेकांना फोन करून बोलावतील.

तुझा,
मामा