पितळी तांब्या आणि पाच ब्रश

क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उघडलं की शंभराहून अधिक तयार ब्रश समोर येतात. फोटोशॉप आणि प्रोक्रिएटमध्येही नवशिक्याची हीच अडचण होते. शाई, खडू, कोळसा, जलरंग अशी नावं वाचून आपण ब्रश उचलतो आणि चित्र मात्र हवं तसं उतरत नाही. ब्रश नावावरून निवडू नये, तो उमटवत असलेल्या कडेवरून निवडावा. रंगाची कड कुठे धारदार हवी, कुठे मऊ हवी आणि कुठे पुसटून नाहीशी व्हायला हवी, हे कळलं की निवडीचं बरंचसं काम झालं. खालची कृती क्रितासाठी लिहिली आहे, कारण ते विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. समोर खिडकीच्या उजेडात पितळेचा एक तांब्या ठेवा. या तिन्ही कडा त्यात सापडतात.

१. दोन हजार बाय दोन हजार पिक्सेलची फाइल घ्या आणि ती मध्यम राखाडी रंगाने भरा. पांढऱ्यावर प्रत्येक रंग आहे त्याहून गडद भासतो आणि पितळेवरची चकाकी तर दिसतच नाही. मग पेनचा दाब तपासा. हलक्या हातानेच रेघ पूर्ण जाड होत असेल, किंवा मनगटावर ताण देऊन दाबावं लागत असेल, तर सेटिंग्जमध्ये टॅब्लेटच्या पानावरची दाबाची वक्ररेषा बदला. दाब जुळलेला नसताना कोणताही ब्रश वाईटच वाटतो.

२. ‘बेसिक–५ साइज’ हा कडक गोल ब्रश घ्या. याची जाडी दाबाप्रमाणे बदलते, रंग मात्र अपारदर्शक राहतो. एवढ्या एकाच ब्रशने संपूर्ण तांब्या मोठ्या ठिपक्यांत उभा करा: उजेडाची बाजू, सावलीची बाजू, गळ्याखालची काळोखी, जमिनीवरची पडछाया. रंग एकमेकांत मिसळू नका. हा टप्पा घाईने उरकू नये. उजेड आणि सावलीच्या जागा इथे चुकल्या तर पुढचा कोणताही ब्रश त्या सुधारत नाही.

३. आता त्याच फाइलच्या कडेला चाचणीची पट्टी करा. तिचा उपयोग कळायला ब्रशचं आतलं काम माहीत हवं. डिजिटल ब्रश सलग रेघ ओढत नाही, तो एकच ठसा रबरी शिक्क्यासारखा अगदी जवळजवळ उमटवत जातो. दोन ठशांमधलं अंतर म्हणजे ‘स्पेसिंग’. ते वाढवलं की रेघ सुटून मणी दिसू लागतात, फार कमी केलं की मोठा ब्रश हाताच्या मागे रेंगाळतो. ‘फ्लो’ म्हणजे प्रत्येक ठशात किती रंग, आणि ‘ओपॅसिटी’ म्हणजे एका संपूर्ण फटकाऱ्याने जास्तीत जास्त किती झाकायचं. या दोहोंची गल्लत सर्रास होते. पेन न उचलता एकाच जागी फिरवत राहा: ओपॅसिटी निम्मी असेल तर रंग एका मर्यादेला थांबतो, पेन उचलून पुन्हा टेकवल्यावरच वाढतो. ओपॅसिटी पूर्ण ठेवून फ्लो कमी केला तर त्याच जागी रंग साचत जातो. प्रत्येक ब्रशने पट्टीवर हलक्याकडून जोरात एक रेघ ओढा आणि दोन रंगांच्या सीमेवरून तो एकदा फिरवा. या दोन खुणांत ब्रशचा बहुतेक स्वभाव कळतो.

४. कडा वाचा. तांब्याचा काठ उजेडाविरुद्ध धारदार दिसतो, तिथे कडक ब्रशच राहू द्या. पोटाचा उतार हळूहळू सावलीत वळतो, तिथे ‘बेसिक–५ साइज ओपॅसिटी’ वापरा. सावलीतली बाजू पडछायेत मिसळते, तिथे दोन्हीकडे एकच रंग लावून कड बुडवून टाका. मऊ एअरब्रश फक्त मोठ्या पार्श्वभूमीसाठी ठेवा. तो सगळीकडे फिरवला की पितळ, कापड, कातडी सगळं मेणाचं दिसतं. डोळ्याला ही सवय लागावी म्हणून सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र मोठं करून पाहा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीसमोरच्या बोटांपासून सुरुवात करून कड कुठे ठळक आहे आणि कुठे विरते, याच्या खुणा कागदावर करा.

५. मिसळणारा, म्हणजे स्मज, ब्रश शेवटी आणि जपून वापरावा. क्रितामध्ये त्याच्या दोन तऱ्हा आहेत. ‘स्मिअरिंग’मध्ये खालचा रंग ओढला जातो आणि फटकाऱ्याचा पोत टिकतो, ‘डलिंग’मध्ये टोकाखालच्या रंगांचा एकजीव रंग होतो. धातूला पहिली तऱ्हा शोभते. दोन-चार फटकाऱ्यांत काम होत नसेल तर मधली छटा कडक ब्रशनेच भरा, कारण फार घासल्यावर रंग मळतो.

६. पोताचा ब्रश एकच घ्या आणि नजर जिथे थांबावी तिथेच वापरा. तांब्यावर चिंचेने घासल्याचे ओरखडे काठाजवळ चार दिसले तरी पुरे.

७. वेगळं खोडरबर घेऊ नका. ‘ई’ ही कळ दाबली की हातातलाच ब्रश खोडायला लागतो, त्यामुळे खोडलेली कडही त्याच जातीची राहते.

८. कडक, दाबाप्रमाणे झाकणारा, मऊ, मिसळणारा आणि पोताचा, या पाचांना स्वतःचा एक टॅग द्या. कॅनव्हासवर उजवी क्लिक करून उघडणाऱ्या चक्रात तो टॅग निवडला की तेवढेच पाच दिसतात. तिरकी रेघ असलेली कळ आधीचा ब्रश परत आणते.

पुढे एखादा नवा ब्रश आवडला तर याच तांब्याच्या काठावर आणि पोटावर तो चालवून पाहा. पाचांपैकी एकाचं काम तो अधिक चांगलं करत असेल तरच त्याला जागा द्या, नाहीतर काढून टाका.